उरलेल्या मात्रा

सातवीच्या मुली हसल्या तेव्हा इंदूला वाटलं, पाठीला खडू लागला असणार. तिनं पदर झटकला, मान वळवून पाठ बघितली आणि उजव्या हातानं पेटी वाजवतच राहिली. मुली आणखी हसल्या. हसू तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. चाळीस खांदे एकदम हलायला लागले की कळतंच. शेवटी पहिल्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उठून पुढं आली आणि तिनं भीत भीत पेटीच्या भात्याकडे बोट केलं. भाता मिटलेला होता. इंदूचा डावा हात मांडीवर पडलेला होता, केव्हापासून कोण जाणे. वाऱ्याशिवाय पेटी म्हणजे लाकडाचं खोकं. आणि इंदूबाई त्या मुक्या खोक्यावर प्रार्थनेचा अख्खा अंतरा वाजवून मोकळ्या झाल्या होत्या. गंमत म्हणजे तो अंतरा तिला ऐकू आला होता. स्वच्छ, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, भाता मारल्यावर येतो तसाच. तीही मुलींबरोबर हसली, कारण अशा वेळी मास्तरीणबाईंनी हसलं तर गोष्ट तिथंच मिटते.

ऐकू येत नाही याची सवय तिला दोन वर्षांत झाली होती. माणसाला कशाचीही होते. ह्या दुष्काळाच्या साली अख्ख्या नगरला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची झालीच की. हाक आली की नाही हे समोरच्याच्या कपाळावरून ओळखायचं, शाळेची घंटा मुलींच्या हालचालीवरून धरायची, दूध उतू चाललं हे वासावरून. मोठ्या बाई भल्या होत्या. ‘थोडं कमी ऐकू येतं’ एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि किती थोडं आणि किती कमी ह्याची चौकशी कुणी केली नव्हती. पण नसलेलं ऐकू येतं हे नवीन होतं, आणि त्यानं तिला घाबरवलं ते त्या गाण्यापायी. गेले पाच महिने ती डोक्यातलं एक गाणं कागदावर उतरवत होती, पियानोसाठी, दोन्ही हातांचं. ते गाणं बाहेरून परत कधी ऐकायला मिळणार नव्हतं; होतं तेवढं डोक्यातच होतं. आणि डोकं जर असं परस्पर, वारा नसताना, अंतरे वाजवायला लागलं असेल, तर त्या गाण्यातही त्यानं पदरचं काय काय घातलं असेल? आजवर तिला एवढंच वाटत होतं की कान जातील आणि गाणं राहील. आज पहिल्यांदा वाटलं, गाणंही जाईल आणि गेलेलं आपल्याला कळणारसुद्धा नाही.

गाणं इंग्रजी होतं. केस वाढवलेली पोरं विजेच्या गिटारी घेऊन ओरडतात त्यातलं, असं नानांचं वर्णन. नाना म्हणजे तिचे वडील विष्णुपंत गंधे, कोर्टातले नाझर, आता रिटायर. त्यांच्या घरात गाणं म्हणजे गुरुवारचं भजन आणि चातुर्मासातलं कीर्तन. नाना स्वतः कीर्तनात झांज धरायचे आणि तालाच्या बाबतीत बुवांचीही भीड ठेवायचे नाहीत. त्या घरात हे गाणं शिरलं ते इंदूच्या आजारपणाच्या पाठीवरून. एकाहत्तर साली तिच्या छातीवर डाग निघाला. आजाराचं नाव घरात कुणी उच्चारलं नाही, डागच म्हणायचे, जसा काही साडीवर पडलाय. ठरत आलेलं लग्न आपोआप ठरेनासं झालं. धाकटा भाऊ नारायण पुण्याहून आला, तिच्या खोलीच्या दारातच उभा राहिला, आणि जाताना आपला ट्रान्झिस्टर तिच्या उशाशी ठेवून गेला. सकाळी सिलोनवर इंग्रजी गाणी लागत. तिला त्यातलं काही समजत नसे. दिवस ढकलायला कुणाचा तरी आवाज हवा म्हणून ती लावायची. आणि त्यात आठवड्यातून दोनदा तरी ते गाणं यायचं.

पहिल्यांदा तिला ते आवडलंच नाही. एकटी गिटार, खालच्या सुरात, कुणीतरी अंगणात येरझाऱ्या घालाव्यात तशी चारच सुरांत फिरत राहायची. मग ढोल पडायचा आणि एक घसा बसलेला माणूस गायला लागायचा. शब्द तिला अर्धेमुर्धे कळले, त्यात कुणीतरी कुणाला तरी दार उघडायला सांगत होतं. आवाज चढत जायचा, गिटार किंचाळायची, आता काहीतरी फुटणार असं वाटायचं, आणि सगळं थांबायचं. एकदम. गिटार नाही, ढोल नाही, माणूस नाही. खोलीत फक्त ट्रान्झिस्टरची खरखर आणि तिचा स्वतःचा श्वास, डागाच्या जागी किंचित अडकणारा. आणि मग ढोलाच्या एका घावावर सगळे परत यायचे, जसे काही गेलेच नव्हते. त्या थांबण्यापायी ती त्या गाण्याची झाली. त्या थांबण्यात ती दर वेळी मरून बघायची आणि दर वेळी परत यायची, असं तिनं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी डाग डोक्यात गेला म्हटलं असतं. ती एकोणतीस वर्षांची होती, आणि दुसरं कुणी तिला काही दिलेलं नव्हतं.

गाणं चालू असतानाच नाना दारात येऊन उभे राहायचे. काळी टोपी, हातात छत्री आणि पिशवी. अकरा वाजता कंपाउंडर छगनकडे सुई टोचून घ्यायला जायचं असे. रोज एक, अशा नव्वद सुया. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. गाण्याला ते नाक मुरडायचे, “ह्यांची सम कुठं पडते हे ह्यांनाच ठाऊक,” म्हणायचे, पण ते मध्येच बंद कर असं एकदाही म्हणाले नाहीत. छत्रीचं टोक जमिनीवर हलकं आपटत उभे राहायचे. साठाव्या सुईच्या सुमारास इंदूच्या कानात रातकिडे बोलायला लागले, भर दिवसा. तिनं नानांना सांगितलं. नाना तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अशक्तपणा आहे. तीस मात्रा उरल्यात, त्या होऊ देत. औषध अर्धवट सोडलं तर दुखणं उलटतं.” औषधाच्या मात्रा आणि तालाच्या मात्रा ह्यांना आपल्याकडे शब्द एकच आहे, आणि नाना दोन्ही मोजण्यात सारखेच पक्के. तीस मात्रा झाल्या. डाग गेला. फोटोत छाती धुतल्यासारखी निघाली. नानांनी मारुतीला नारळ फोडला आणि पेढे वाटले, आणि पेढे वाटताना काय बोलत होते ते इंदूला नीट ऐकू आलं नाही.

पुढं वर्षभरानं बाजारात छगन कंपाउंडर भेटला. बिचारा साधा माणूस, तिच्या कानाजवळ तोंड नेऊन, तिला सगळं माहीतच असेल अशा समजुतीनं बोलून गेला. “डाक्टरांनी नानांला बजावलं हुतं ना, बाई, कानात वाजाया लागलं की सुई बंद करा, आन् मला सांगा म्हनून. नाना बोलले न्हाईत. पर तुमी वाचला, हे काय थोडं हाय व्हय?” वाचली हे थोडं नव्हतं. इंदू हातातली मेथीची जुडी घेऊन घरी आली, निवडली, भाजी केली, नानांना वाढली. नानांनी कानाडोळा केला होता. हा शब्द तिच्या मनात आला आणि त्यातला कान तिला असा टोचला की तिनं जेवण अर्ध्यावर टाकलं. भांडायला आवाज लागतो, आणि आपला आवाज किती मोठा होतोय हे तिला आताशा कळत नसे. त्यामुळे ती भांडली नाही. तिनं ते नानांना कळूही दिलं नाही. राग मात्र होता, रोजचा होता. पाटीवर नाना सुंदर नाझरी अक्षरात ‘आज आमटी छान झाली’ लिहायचे आणि तिला वाटायचं ती पाटी भिंतीवर आपटावी. मग ती पाटी पुसायची. दोघंच होती घरात. एकमेकांना तेवढंच उरलेलं होतं.

मिशनच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. लहानपणी तिथल्या मडमेनं हौसेनं इंदूला वाजवायला शिकवलं होतं. मडम मायदेशी गेली, पियानो राहिला, आणि त्याची देखभाल हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या आसाराम भिंगारदिव्यांकडे आली. आसाराम पियानोला म्हशीसारखं सांभाळायचे. समोरच्या फळीला खोबरेल चोळायचे आणि पोटात पाण्याचा तांब्या ठेवायचे, लाकूड वाळून तडकू नये म्हणून. दुष्काळाच्या सालातही तो तांब्या चुकला नाही. “मानसाला टँकरची वाट बघावी लागती, पर ह्याला बोलता येत न्हाई ना, बाई,” असं ते एकदा तिच्या उजव्या कानात म्हणाले होते. पाच महिन्यांपूर्वी इंदूनं किल्ली मागितली तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

तिथं बसल्यावर तिला आपल्या कानांचा हिशेब डोळ्यांनी दिसला. पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या दाबल्या की सूर यायचा नाही. लाकडावर लाकूड आपटल्याची नुसती टकटक बोटाला जाणवायची. सूर जिथून ऐकू यायला लागायचा त्या पट्टीवर तिनं खडूनं रेघ मारली. महिन्यानं बघितलं तर रेघ चार पट्ट्या डावीकडे घ्यावी लागली. मग आणखी तीन. उजवीकडून एकेक सूर लाकूड होत चालला होता. गाणं तिनं आधी लिहिलं ते त्याच्या मूळ पट्टीत, उजव्या हाताचं वरच्या ओळीत, डाव्याचं खाली, आपल्या सारेगममध्ये, कारण मडमेची ती लोणच्याच्या फोडीसारखी काळी चिन्हं ती केव्हाच विसरली होती. ते लिहून होईतो वरचे सूर गेले. तिनं अख्खं गाणं खाली उतरवून पुन्हा लिहिलं. पुन्हा सूर गेले, पुन्हा उतरवलं. तीन वह्या झाल्या. आता गाणं पार खर्जात, पियानोच्या डाव्या टोकाला येऊन बसलं होतं, दोन्ही हात एकमेकांत अडकत होते, आणि तिथून पुढं उतरायला जागा उरलेली नव्हती.

आणि सगळं लिहूनही एक जागा कोरी होती. ते थांबणं. किती मात्रा? बाकीचं तिला सुरांवरून आठवायचं, एक सूर दुसऱ्याला ओढून आणायचा. पण तिथं सूरच नव्हता. शांततेला धरायचं कुठं? कधी सात वाटायच्या, कधी आठ. नारायणला तिनं पत्र लिहिलं होतं, रेकॉर्ड शोध म्हणून. गाण्याचं नाव तिला माहीत नव्हतं, सिलोनचा निवेदक ते दर वेळी गिळून टाकायचा. म्हणून पत्रात तिनं सरगम लिहून दिली. नारायणनं ती इमानदारीनं पुण्याच्या दुकानदाराला दाखवली, आणि दुकानदारानं विचारलं, हा राग कुठला? नारायणनं हे गंमत म्हणून कळवलं होतं. गंमत होतीच. ती रडली ते नंतर.

म्हणून पेटी मुकी झाली त्या दिवशी, शाळा सुटल्यावर, ती हॉलवर न जाता थेट घरी गेली. ह्या गाण्याचा साक्षीदार जगात आता एकच उरला होता, आणि तो झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. हे तिला पाच महिने माहीत होतं. पण त्याच्याकडे मागायचं म्हणजे काहीतरी सोडून दिल्यासारखं होतं, म्हणून तिनं मागितलं नव्हतं. आता डोक्यावरच भरवसा राहिला नाही म्हटल्यावर हट्टाला काय अर्थ? ती नानांसमोर जमिनीवर बसली.

“नाना, ते इंग्रजी गाणं आठवतं? मी आजारी असताना लागायचं ते. ते मध्ये थांबायचं. किती मात्रा थांबायचं?”

नानांचा अडकित्ता थांबला. तिला वाटलं, आता पाटी मागतील आणि कसलं गाणं म्हणून विचारतील. पण नानांनी अडकित्ता खाली ठेवला, तिचा हात ओढून घेतला, आणि तिच्या मनगटावर दोन बोटांनी ठेका धरला. तोच ठेका. चढत जाणारा, ढोलाचा. मग बोटं उचलली गेली आणि नानांची मान हलायला लागली, एक, दोन, तीन. सात झाल्यावर बोटं परत मनगटावर पडली. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘सात. मी दर वेळी मोजत असे.’

नाना सम चुकीच्या जागी धरत होते. कीर्तनातला माणूस; जिथं मोठा घाव ऐकला तिथं त्यांनी सम मानली. आणि ह्या गाण्यांत मोठा घाव नेमका आडजागी पडतो, आपण टाळी न देता हात उघडा सोडतो तिथं. म्हणजे त्यांची मोजणी एक मात्रा उशिरा सुरू होत होती, त्यांची सात ही खरी आठ असणार. की तिचीच आठवण चुकत होती आणि नानांचं बरोबर होतं? ‘दर वेळी मोजत असे’ हे शब्द तिनं पुन्हा वाचले. छत्रीचं ते टोक. म्हणजे जमिनीवर आपटत होतं ते घाई म्हणून नव्हे. रागाला धरून ठेवलेली तिची मूठ त्या क्षणी जराशी सैल झाली, आणि सैल झाली म्हणून तिला आणखीच राग आला.

“उद्या हॉलवर चला,” ती म्हणाली. “मी सगळं वाजवते. मला वरचं काही ऐकू येत नाही. गाणं तेच आहे की मी भलतंच काही रचलंय, ते तुम्ही ऐका आणि सांगा.”

नाना मिशनच्या आवारात जन्मात कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते टोपी घालून, बगलेत पाटी मारून निघाले. हॉलच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. आसाराम पुढं झाले, “ऱ्हाऊ द्या की नाना, हितं काय चपला काढाया लागत न्हाईत,” असं काहीतरी त्यांच्या हातवाऱ्यांवरून दिसलं. पण नानांनी मान हलवली, चपला भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या आणि अनवाणी आत आले. इंदूच्या मागच्या बाकावर ते बसले. आसारामांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर गेले.

तिनं वही उघडली. कोऱ्या जागी कालच पेन्सिलीनं आठ लिहून, खोडून, सात लिहून, तेही खोडलं होतं. तिनं सुरुवात केली. चार सूर, येरझाऱ्या. डाव्या टोकाच्या जाड तारांचा आवाज तिला कानांपेक्षा पायांतून जास्त येत होता, फरशीतून, मांडीतून. मग ढोलाच्या जागी डाव्या हाताचे घाव. घसा बसलेला माणूस आता अगदी खर्जात गात होता, म्हातारा झाल्यासारखा, पण तोच होता, दार उघड म्हणत होता. समोरच्या तेल चोळलेल्या फळीत तिला मागचा बाक दिसत होता, काळ्या पाण्यात दिसावा तसा. नाना, टोपी, मांडीवर पाटी. नानांची दोन बोटं पाटीच्या चौकटीवर पडत होती. बरोबर पडत होती. गाणं तेच आहे! तिला कळलं, आणि कुणी न सांगता कळलं, आणि तिच्या छातीत त्या जुन्या डागाच्या जागी काहीतरी भरून आलं. गाणं चढत गेलं. हात एकमेकांवरून गेले. आता फुटणार.

ती थांबली.

हात पट्ट्यांवरून उचललेले. एक, दोन, तीन. पायांतली थरथर विरत गेली. चार. फळीत नानांनी मान वर केली. पाच. आणि नानांचे ओठ हलायला लागले.

मोजत असतील, तिला वाटलं. पण मोजताना नानांची मान हलते, ओठ नाही. ते बोलत होते. तिच्या पाठीशी बोलत होते. पाठमोरी आहे, बहिरी आहे, गाणंही थांबलंय, म्हणजे आपलं बोलणं आता जगात कुणालाच ऐकू जाणार नाही असं वाटून बोलत होते. ओठ मिटतात ते शब्दच तिला एरवी हाती लागायचे, बाकीचे निसटायचे. ‘मला’ हाती लागलं. ‘बजावलं’ लागलं. मग ‘मी’, मग पुन्हा ‘मी’. सहा. सात झाल्या. आठ झाल्या. तिचे हात हवेतच राहिले. नानांचं बोलणं संपलेलं नव्हतं. दोन वर्षांचं होतं, ते आठ मात्रांत कसं मावणार? ती मोजायची थांबली. फळीत म्हातारा माणूस बोलत होता, टोपी त्यानं काढून हातात घेतली होती, आणि ती न हलता, श्वास धरून, त्याचं होऊ देत होती. उरलेल्या होऊ देत. शेवटी त्याचे ओठ दोनदा मिटले आणि उघडले, बाळ म्हणताना मिटतात तसे, आणि मग मिटलेलेच राहिले.

तेव्हा तिनं दोन्ही हात खाली आणले. सगळे परत आले. उरलेलं गाणं तिनं शेवटपर्यंत वाजवलं, पट्ट्यांवर पाणी पडत होतं तरी बोटं घसरू न देता. संपल्यावर पायांतली थरथर पूर्ण थांबेपर्यंत ती बसून राहिली. मग पदरानं तोंड पुसून वळली. नानांनी टोपी परत घातली होती. डोळे लाल होते, पण चेहरा नाझराचा होता. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि तिच्यासमोर धरली. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं होतं.

‘गाणं तेच आहे. पण मध्ये फार थांबलीस. चुकलीस का?’

इंदूनं पाटी हातात घेतली, वाचली, आणि पुसली नाही.

“नाही नाना,” ती म्हणाली. “तिथं तेवढंच थांबायचं होतं.”